करमणुकीची किंमत कोण देतो?

आमच्या ओळखीचा एक तरुण, शिकलेला व नोकरीस लागलेला, मध्यंतरीं मित्रांबरोबर गोव्यास जाऊन आला. पणजीस मांडवी नदींत कॅसिनोचीं जीं सहा जहाजें उभीं असतात, त्यांपैकीं एकावर त्यानें एक रात्र घालविली. परत आल्यावर घरीं बोलणीं खावीं लागलीं, तेव्हां तो आम्हांकडे येऊन म्हणाला, "काका, मीं तीन हजार रुपये खर्चिले. त्यांत जेवण होतें, गाणें होतें, खेळावयास चिप्स होत्या. माझ्या चुलतभावानें त्याच आठवड्यांत नाटकाचीं तिकिटें, हॉटेल व मोटारभाडें ह्यांत तितकेच रुपये घालविले. त्यास कोणी कांहीं म्हणत नाहीं. मग मलाच कां? मीं कोणाचे उसने घेतले नाहींत, घरचें कांहीं विकिलें नाहीं. करमणुकीस पैसा लागतोच. मीं माझी करमणूक विकत घेतली."

प्रश्न प्रामाणिक आहे. त्यावर रागें भरणें सोपें आहे, पण तें उत्तर नव्हे. "जुगार खेळूं नको" अशी स्वतंत्र आज्ञा पवित्र शास्त्रांत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे; चिठ्ठ्या टाकून निर्णय केल्याचे दाखलेहि तेथें आहेत. शिवाय मंदिराच्या छपरासाठीं सोडतीचीं तिकिटें खपविलीं जातात, तीं घेणाऱ्यांत प्रस्तुत लेखकहि एकदां होता. तेव्हां ह्या तरुणास दोष देण्यापूर्वीं त्याच्याच बोलण्याप्रमाणें हिशेब मांडून पाहूं.

रुलेट नांवाचा खेळ घ्या. एका फिरत्या चक्रास ३७ खण असतात: १ पासून ३६ पर्यंतचे आंकडे, त्यांत १८ तांबडे व १८ काळे, आणि शून्याचा एक हिरवा खण. (कांहीं चक्रांस शून्याचे दोन खण असतात, तीं खेळणारास अधिकच महाग पडतात.) चक्रांत एक लहानशी गोळी सोडितात, ती ज्या खणांत विसावेल तो आंकडा जिंकला. तांबड्यावर शंभर रुपये लाविले व तांबडें आलें तर शंभर मिळतात, न आलें तर शंभर जातात. सौदा बरोबरीचा दिसतो. परंतु तांबडे खण १८ आणि बाकीचे १९. तो एक हिरवा खण हीच मालकाची सारी जमीनजुमला. खेड्यांतील अड्डेवाला डावामागें उघडपणें नाल मागून घेतो. येथें मालकाचा वाटा चक्रांतच कोरून ठेविलेला असतो. तो शंभर रुपयांमागें सरासरीनें २ रुपये ७० पैसे पडतो. रंगावर लावा कीं एका आंकड्यावर लावा, प्रमाण तेंच. कारण आंकड्यावर जिंकणारास ३५ पट देतात, पण खण ३७ असतात.

आतां तासास चाळीस डाव होतात असें धरूं, व प्रत्येक डावास रंगावर शंभर रुपये. चार तासांत १६० डाव झाले, १६,००० रुपये टेबलावरून फिरले, आणि त्यांचा सदतिसावा हिस्सा, म्हणजे सुमारें ४३२ रुपये, सरासरीनें गेले. चार तासांच्या करमणुकीस ४३२ रुपये ही कांहीं अवाच्या सवा किंमत नव्हे. तरुणाचें म्हणणें इतपत खरें आहे, आणि तें आम्ही त्याच्या पदरीं घालितों.

परंतु नाटकाचा दर आधीं ठरलेला असतो, आणि पहिल्या रांगेंतील प्रत्येकजण तोच देतो. येथें तसे ४३२ रुपये कोणीच देत नाहीं. असे तिघे बसले तर साधारणपणें एक जण कांहीं जिंकून उठतो, बाकीचे बहुधा हरून उठतात, आणि कधीं कधीं दोन हजार हरून. जो जिंकला त्यास आपल्या दैवाची खात्री पटलेली असते. जो हरला त्यास दैव आपलें देणें लागतें असें वाटतें. आणि दोघेहि पुन्हां येतात. अशा पंचवीस रात्री खेळूनहि जो नफ्यांत आहे, असा मनुष्य शंभरांत चार मिळतील. माँटे कार्लो येथें १९१३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत काळा रंग लागोपाठ २६ वेळां आला, तेव्हां "आतां तांबडें आलेंच पाहिजे" म्हणून लोकांनीं रकमा वाढवीत नेल्या व ते धुतले गेले. चक्रास मागचें स्मरण नसतें. तें आपल्यालाच असतें.

सरकारचा वाटा निराळाच. चिप्स घेतांना भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून शेकडा २८ वस्तु व सेवा कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० झाला. जिंकलेल्या रकमेवर शेकडा ३० प्राप्तिकर आहे, आणि त्यांतून हरलेली रक्कम वजा मिळत नाहीं. तेव्हां वरचा ४३२ रुपयांचा हिशेब फारच सौम्य झाला.

ह्या साऱ्या गणिताचें मूळ जुगारांतच आहे. फ्रान्स देशांतील ब्लेज पास्कल हा मोठा गणिती व तितकाच भाविक मनुष्य. अर्धवट मोडलेल्या डावांतील पैसा खेळणारांत कसा वांटावा, ह्या प्रश्नावर त्याचा व फर्मा ह्याचा १६५४ सालीं पत्रव्यवहार झाला, त्यांतून संभाव्यतेचें शास्त्र वाढीस लागलें. ह्याच पास्कलचीं टिपणें त्याच्या मरणानंतर १६७० सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत करमणुकीविषयीं लिहितांना त्यानें जुगाऱ्यास दोन कसोट्या लाविल्या आहेत. त्यांचा आशय असा कीं, त्यास जिंकण्याजोगी रक्कम रोज सकाळीं आयती देऊन खेळण्याची मनाई केली तर तो कष्टी होतो. म्हणजे त्यास नुसता पैसा नको. बरें, पैशावांचून खेळ म्हटलें तर तो कंटाळतो. म्हणजे नुसता खेळहि नको.

आम्हीं त्या तरुणास विचारिलें, "तुला चिप्सांऐवजीं चिंचोके दिले असते, तर चार तास बसला असतास काय?" तो हसला व म्हणाला, "चार मिनिटेंहि नाहीं." मग त्यानें विकत घेतलें तें काय? नाटकास जाणारा नटाच्या श्रमाचा मोबदला देतो. त्या टेबलाशीं बसणारा मात्र, श्रम न करितां दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे येईल, ही घटकाभराची आशा विकत घेतो. कोणी म्हणेल, शेतकरीहि पावसावर डावच लावितो. लावितो खरा. परंतु त्याचें शेत पिकलें म्हणून शेजाऱ्याचें ओसाड पडत नाहीं. टेबलावर जें एकास मिळतें तें दुसऱ्या कोणाचें तरी गेलेलें असतें; मालक मध्यें बसून तें मोजून देतो, एवढेंच.

तो दुसरा कोण, हा खरा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रॉडक्टिव्हिटी कमिशनानें २०१० सालच्या अहवालांत जुगाराच्या यंत्रांविषयीं असा अंदाज दिला कीं, त्यांवर लोक जो पैसा घालवितात त्यापैकीं सुमारें शेकडा ४० पैसा, ज्यांचा जुगार त्यांच्या हाताबाहेर गेला आहे अशा लोकांचा असतो. हे लोक त्या देशांतील प्रौढांत शंभरांस एकाहून अधिक नव्हते. अहवाल ऑस्ट्रेलियाचा व यंत्रांविषयींचा आहे. गोव्याच्या टेबलांस ते आंकडे जसेच्या तसे लावणें न्यायाचें होणार नाहीं. पण धंद्याचा पाया कोठें आहे हें त्यावरून दिसतें. पांचशें रुपये खेळून वेळेवर उठणाऱ्या शहाण्या गिऱ्हाइकांवर तीं जहाजें, तेथील दिवे व जेवणावळी चालत नसाव्यात. त्यांची करमणूक स्वस्त पडते, कारण जो उठूं शकत नाहीं त्यानें तिची उरलेली किंमत भरिलेली असते. आणि तो एकटाहि भरीत नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एका जुगाऱ्याच्या विलापाचें सूक्त आहे. त्यांत फांसे जितके दिसतात, तितकीच त्याची दुरावलेली बायको व दुःखी आईहि दिसते. तीन हजार वर्षांमागील घर तें, पण आपल्या गांवांतलेंच वाटतें.

ही गोष्ट सरकारास ठाऊक नाहीं असें नव्हे. गोव्याच्या १९७६ सालच्या जुगारविषयक कायद्यांत १९९२ सालीं दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांस, आणि १९९६ सालीं पाण्यांतील जहाजांवर टेबलांच्या खेळांस वाट करून दिली. पुढें २०२० सालापासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांस तेथें खेळण्याची मनाई अंमलांत आली. पर्यटकांनीं खेळावें, गोंयकरांनीं नाहीं. माँटे कार्लो ज्या मोनाकोंत आहे तेथेंहि हीच रीत. त्या देशाच्या नागरिकांस आपल्याच जगप्रसिद्ध कॅसिनोंत खेळतां येत नाहीं. जो पदार्थ यजमान आपल्या लेंकरांच्या पानांत वाढीत नाहीं, तो पाहुण्यानें कितपत विश्वासानें खावा? आणि हे पाहुणे बरेचसे आपल्याकडचेच. महाराष्ट्रांतहि १९७६ सालींच कॅसिनोंस परवाने देण्याचा कायदा झाला होता. तो कधींच अंमलांत आला नाहीं, व २०२३ सालीं मंत्रिमंडळानें तो रद्द करण्याचें ठरविलें. त्यामुळें कोल्हापुराकडची वा पुण्याकडची माणसें घाट उतरून मांडवीवर जातात.

हें सर्व त्या तरुणास सांगितल्यावर तो कांहीं वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण काका, मीं तर कोणाचें नुकसान केलें नाहीं. मी माझे पैसे संपल्यावर उठलों." आम्हीं म्हटलें, "खरें आहे. तुझ्या शेजारीं कोण बसलें होतें?"

त्यास आठवलें. एक पन्नाशीचे गृहस्थ होते, मराठीच बोलत होते, पांढरा सदरा, हातांत अंगठी. यानें लहान रक्कम लाविली कीं, ते कौतुकानें हंसत. मधून मधून उठून डेकवर जात व फोन लावीत. असे ते चार वेळां गेले. चौथ्या खेपेस परत आले तेव्हां त्यांनीं यास विचारिलें, "सकाळीं कोल्हापूरची पहिली गाडी किती वाजतां असते?" ते केव्हां उठले हें त्यास ठाऊक नव्हतें, तो त्यांच्या आधीं निघाला होता.