न्याहारीच्या टेबलावरचा आश्रयदोष
कोल्हापुरात सकाळी मिसळीच्या दुकानासमोर रांग लावणारी माणसे कट कितपत तिखट आहे ते विचारतात, ब्रेड ताजा आहे ना ते बघतात, बसायला जागा कधी मिळेल याचा अंदाज घेतात. मटकी कुणी उसळली, कांदा कुणी चिरला, हे कुणी विचारत नाही. पुण्यातल्या बेडेकरांकडे किंवा ठाण्यातल्या मामलेदार मिसळीच्या टेबलावरही तेच. ज्या समाजात पाणी कुणाच्या हातचे, हा शतकानुशतके पहिला प्रश्न होता, त्या समाजाने तो प्रश्न सकाळच्या खाण्यापुरता टाकून दिला, आणि त्यासाठी धर्मसभा भरवली नाही की ठराव केला नाही. हा केवळ जिभेचा विजय मानून सोडून देण्याची आपली सवय आहे. मला तो धार्मिक निर्णय वाटतो. पण तो अर्धाच झाला आहे, आणि उरलेल्या अर्ध्याविषयी बोलायला हवे.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहार शुद्ध असला की अंतःकरण शुद्ध होते, असा विचार येतो. त्याचा अर्थ लावताना दोन मोठे आचार्य दोन वाटांनी गेले. रामानुजांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष सांगितले आहेत: पदार्थाच्या जातीतच असलेला, म्हणजे लसूण-कांद्यासारख्यांचा जातिदोष; केस, किडा, उष्टे यांमुळे येणारा निमित्तदोष; आणि अन्न ज्याच्याकडून आले त्या माणसामुळे येणारा आश्रयदोष. पहिले दोन आजही उपाहारगृहात सुखाने नांदतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी मागवणारा माणूस जातिदोष पाळतोच, आणि पोह्यांत केस निघाला तर बशी परत जातेच. गळून पडला तो तिसरा. शंकराचार्यांनी मात्र आहार म्हणजे इंद्रियांनी आत ओढून घेतलेले सगळे काही, असा अर्थ केला; राग, द्वेष आणि मोह यांपासून सुटलेले ग्रहण ते शुद्ध. त्या अर्थाने पाहिले तर आश्रयदोषाची दिशाच उलटते. रांधणाऱ्याविषयी मनात तिटकारा ठेवून खाल्लेले अन्न अशुद्ध, आणि ती अशुद्धी खाणाऱ्याने स्वतः आणलेली. शंकराचार्यांनी हा निष्कर्ष समाजव्यवहाराला लावला असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या व्याख्येतून तो सरळ निघतो, आणि तो काढण्याचा अधिकार आपल्याला आहे.

हा प्रश्न किती जिवंत होता हे पाहायला फार मागे जावे लागत नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली. जमलेल्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशांनी नावे छापली, ग्रामण्य म्हणजे बहिष्काराचे प्रकरण उभे राहिले, ते त्या काळच्या पीठस्थ शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. एवढ्या बुद्धीची माणसे एका पेल्यापुढे अडखळली, कारण पेला कुणाचा हा प्रश्न त्या काळी धर्माचा होता. याच्या अगदी उलट टोकाला कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आहेत. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली. सुरुवातीला तिथे स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. मला या घटनेतला एक तपशील सर्वांत मोलाचा वाटतो: हा चहा कुणाच्या हातचा, हे महाराजांना पक्के ठाऊक होते, आणि ते ठाऊक होते म्हणूनच ते तिथे थांबत होते.

पहिला आक्षेप परंपरेच्या बाजूने येईल. असे खाणे म्हणजे आपद्धर्म, प्रवासातली आणि शहरातली अडचण. त्याला तत्त्व कशाला म्हणायचे? याच छांदोग्यात उषस्ति चाक्रायणाची गोष्ट आहे. दुष्काळात तो एका माणसाकडून त्याच्या पानातले उरलेले कुल्माष, म्हणजे साधे कडधान्य, मागून खातो, पण त्याचे उष्टे पाणी नाकारतो, कारण कुल्माष मिळाले नसते तर जीव गेला असता, पाणी मात्र कुठेही मिळते. उरलेले कुल्माष बायको ठेवून देते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच खाऊन तो राजाच्या यज्ञाला जातो. ब्रह्मसूत्रांनी यावरून नियम बांधला की कुणाचेही अन्न चालते ते प्राणसंकटातच. नियम मान्य करू. मग रविवारी सकाळी घरात पोहे-उपीट असताना थालीपीठ किंवा मिसळ खायला गल्ली ओलांडून जाणाऱ्यावर कोणते प्राणसंकट आले आहे? त्याचे खाणे आपद्धर्मात बसत नाही. उषस्तीने नाइलाजाने जे केले ते तो खुशीने करतो, आणि त्याच्या आचरणाला धार्मिक वजन येते ते या खुशीमुळेच.

गोव्यात हे अधिक ठळक दिसते. पणजीतल्या हिंदू मालकांच्या हॉटेलांत सकाळी पातळ भाजी, सुकी भाजी आणि पाव येतो. भाजी खोबऱ्याची, हिंदू घरातल्या वळणाची. पाव परंपरेने ख्रिस्ती पोदेराच्या भट्टीतला, आणि जुन्या पद्धतीत तो माडाच्या सुरेने फुगवलेला. ज्या पावाच्या स्पर्शाने धर्म बाटतो अशी धास्ती एकेकाळी घरोघर होती, तोच पाव आज भाजीबरोबर एका बशीत बसतो. इथे जातिदोष आणि आश्रयदोष दोन्ही एकदम सुटले, आणि त्यातून जो पदार्थ तयार झाला तो गोवेकर आपला म्हणून अभिमानाने मिरवतात. तो उत्तम लागतो म्हणूनच हे शक्य झाले. रुची ही इंद्रियांची लाचारी म्हणून धर्मचिंतनाने तिला नेहमी बाहेर बसवले; या बाबतीत तिने माणसाला मोठे केले हे मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप मला जड वाटतो, कारण तो खरा आहे. न विचारणे म्हणजे समता नव्हे. स्वयंपाकघर भिंतीमागे आहे, म्हणून गिऱ्हाईक निवांत आहे. भिंत काढली तर काय होईल? चहाच्या टपरीवर वेगळे कप ठेवण्याची चाल कित्येक गावांनी पाहिली आहे. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहांतील प्रवेशाचा उल्लेख मुद्दाम करावा लागला. त्यानंतरही १९५७ साली मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये हॉटेलच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ या शब्दाविरुद्ध पेरियारांच्या अनुयायांना आंदोलन करावे लागले. बाजाराने प्रश्न झाकला, सोडवला नाही, हे आक्षेपकाचे म्हणणे मी स्वीकारतो. पण त्यावरचा उपाय हा प्रश्न विसरत राहणे नव्हे. तो पुन्हा विचारावा, वेगळ्या हेतूने. अन्न ज्याच्याकडून येते त्याच्याशी खाणाऱ्याचे नाते जडते, एवढे आश्रयदोषाच्या कल्पनेत खरे आहे. त्या नात्यात जन्म शोधला ही चूक झाली. तिथे शोधायचे आहेत ते कष्ट, मजुरी आणि मान.

अशा अर्थाने आश्रयदोष आजही आहे, आणि चविष्ट बशीतही असतो. २००६ च्या ऑक्टोबरात हॉटेले आणि ढाबे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. ती घालावी लागली, याचा अर्थ त्याआधी कित्येक वर्षे आपल्या न्याहारीची टेबले मुलांनी पुसली आणि आपण कट वाढवून मागत राहिलो. गिऱ्हाइकाने एवढे सगळे कसे तपासायचे, असे कुणी म्हणेल. सगळे तपासता येणार नाही. पण बशी उचलणाऱ्याचे वय दिसते, पहाटेपासून कढईपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याला बसायला स्टूल आहे की नाही तेही दिसते, आणि मालक त्याला कोणत्या शब्दांत हाक मारतो ते टेबलापर्यंत ऐकू येते. सोवळ्याच्या काळात याहून कितीतरी बारीक चौकशा आपल्या घरांनी रोज, न कंटाळता केल्या आहेत.