कोठीतलं बियाणं

फेब्रुवारी संपता संपता कुकडीकाठच्या शिवारात एक ओंबी तळहातावर चोळली आणि फोलपट फुंकून टाकलं. हाती राहिले ते सुरकुतलेले, पोटाला खळगा पडलेले दाणे. गहू चिकात असतानाच ऊन तापलं होतं. आम्ही जुन्नरकर टोमॅटोच्या रोपाची जात दहा ठिकाणी चौकशी करून ठरवतो. गहू मात्र ‘घरच्यापुरता’, म्हणून बियाणं कोठीतलं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं, वर्षानुवर्षं तेच लोकवन.

दोष हवेला देऊन भागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, पुण्याला, आघारकर संशोधन संस्था आहे. तिचा ‘एमएसीएस ६४७८’ हा वाण सातारा जिल्ह्यातल्या करंजखोपच्या शेतकऱ्यांनी पेरला. जुन्या वाणांचा हेक्टरी २५-३० क्विंटलचा उतारा ४५ ते ६० वर गेला. यात परकं जनुक नाही. संकर, निवड आणि कित्येक वर्षांची चिकाटी आहे. मग हे बी आमच्या वाडीवर का नाही? कारण आम्ही मागितलं नाही, आणि कुणी आणूनही दिलं नाही.

आता याच्या पुढचं. अर्जेंटिनाने २०२० मध्ये सूर्यफुलातलं जनुक घातलेल्या, पाण्याचा ताण सोसणाऱ्या गव्हाला मान्यता दिली. आपल्याकडे असा गहू शेतात नाही. ‘जनुक बदललं’ एवढं ऐकूनच आपल्याकडे माणसं कानावर हात ठेवतात. मला हे पटत नाही. पिकाची तहान कमी होत असेल, तर ते ज्ञान नाकारण्याचा हक्क ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्याला नाही. पण डोळे मिटून स्वीकारणंही नको. त्याच अर्जेंटिनी गव्हात तणनाशक सोसणारं जनुकही आहे. तणनाशकाचा खर्च कोण करणार, खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या मजुरीचं काय होणार, हे विचारलंच पाहिजे. विचारायची वाट बंद केली की काय होतं, ते कापसात दिसलं. २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी जनुक बदललेलं, मान्यता नसलेलं बियाणं उघडपणे पेरलं. चोरवाटेच्या बियाण्याला पावती नसते. ते उगवलं नाही तर शेतकऱ्याने दाद कुणाकडे मागायची?

म्हणून चाचण्या व्हाव्यात, त्या उघड्यावर व्हाव्यात, आणि त्यांचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावा. आणि बियाण्यावरचा शेतकऱ्याचा हक्कही शाबूत राहावा. गव्हाचं परागीभवन त्याच्याच फुलात होतं. म्हणून घरचं बी वर्षानुवर्षं बऱ्यापैकी शुद्ध राहतं. ते राखून ठेवायचा, शेजाऱ्याला द्यायचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. नवं बी कितीही गुणी असो, हा हक्क काढून घेऊन येणार असेल, तर त्याला बांधावरूनच परत पाठवावं.

आणि चाचणीचा पहिला वाफा कुठे? शेजारचं आंबेगाव हे गावच डिंभे धरणाच्या जलाशयात गेलं. त्या पाण्यासाठी आदिवासी वाड्यांनी जमिनी दिल्या आणि कालवे पूर्वेकडे वाहिले. आमचा गहू त्यावर पोसला. वरच्या अंगाच्या त्या वाड्यांत आजही जानेवारीनंतर घोटभर पाण्यावर पीक काढावं लागतं. कमी पाण्यात तग धरणारं बी, मग ते संकराचं असो की प्रयोगशाळेतलं, आधी तिथे पेरून बघा. नोव्हेंबरच्या पेरणीआधी ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे, कोठीतलं मूठभर लोकवन सोबत घेऊन.