जाणत्याचे ऋण

दुकान बंद पडणे ही काही शोक करण्याजोगी घटना नव्हे. बाजार आहे तेथे दुकाने उघडणार आणि मिटणार. इंदूरच्या खजुरी बाजारात जुन्या पाट्या उतरताना आणि नव्या चढताना आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत आणि त्याविषयी लेखणी उचलावी असे कधी वाटले नाही. तरीही एका दुकानाचे बंद होणे आमच्या मनातून जात नाही. ते दुकान आमच्या शहरातले नव्हते, आमच्या देशातलेही नव्हते आणि तेथे विकला जाणारा माल आमच्या उपयोगाचा नव्हता.

२००८ साली न्यू जर्सीत मुलीकडे काही महिने राहण्याचा योग आला. दहा वर्षांचा नातू दर शनिवारी आम्हांला हात धरून एका दुकानात नेई. तेथे खेळाडूंची कार्डे मिळत. हाताच्या पंजात मावेल एवढा जाड कागद, पुढच्या बाजूस बेसबॉल खेळाडूचे छायाचित्र आणि पाठीमागे त्याच्या कामगिरीचे आकडे, असे त्या कार्डाचे स्वरूप. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून काचेची कपाटे आणि मधोमध पुठ्ठ्याच्या खोक्यांत हजारो सुटी कार्डे. त्यावर हाताने लिहिलेली पाटी : कोणतेही घ्या, दहा सेंट. गल्ल्यावर एक वृद्ध गृहस्थ बसत.

एका शनिवारी नातवाने घरून एक जुने कार्ड नेले आणि त्याच्या बदल्यात आपल्या आवडत्या खेळाडूचे नवे, चकचकीत कार्ड मागितले. वृद्ध गृहस्थांनी ते जुने कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि परत त्याच्या हातात ठेवले. हा सौदा तू करू नयेस, तुझे कार्ड माझ्या कार्डापेक्षा पुष्कळ महाग आहे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. नातू हट्टाला पेटला, तेव्हा त्यांनी ते कार्ड घेतले, हवे असलेले कार्ड दिले आणि वर फरकाचे डॉलर मोजून दिले. मुलाला त्या पैशांचे अप्रूप नव्हते. आम्ही मात्र ओशाळलो.

ओशाळण्याचे कारण पन्नास वर्षांपूर्वीचे होते. १९५७ साली आम्हांला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद होता. आमच्या एका वर्गमित्राचे आजोबा होळकर दरबारच्या कचेरीत नोकरीस होते. घरातल्या जुन्या पत्रांवरचे एक तिकीट त्याने शाळेत आणले. तुकोजीराव होळकरांचे (दुसरे) चित्र असलेले, १८८६ साली निघालेले ते तिकीट होते. ते जपून ठेवण्याजोगे आहे हे आम्हांला काकांकडून ठाऊक होते, मित्राला नव्हते. आम्ही त्याला तीन रंगीबेरंगी त्रिकोणी परदेशी तिकिटे दिली आणि ते घेतले. तो इतका आनंदला, की त्याने आम्हांला मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातला लाडू दिला.

आता प्रश्न असा, की आम्ही अन्याय केला काय? आम्ही एकही शब्द खोटा बोललो नाही. त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही, इतकेच.

हा प्रश्न फार जुना आहे. सिसेरो या रोमन पंडिताने ख्रिस्तपूर्व ४४ साली कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात तो एका व्यापाऱ्याच्या रूपाने मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला दिसले आहे, बेटावरील लोकांना ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजेनिस नावाचा तत्त्ववेत्ता म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसाने माणसापासून असे काही राखून ठेवता कामा नये. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. मौन जेव्हा स्वतःच्या लाभासाठी पाळले जाते तेव्हा ते लपवणेच होते, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे.

आपल्याकडे महाभारताच्या शांतिपर्वात याच विषयाला वेगळ्या वाटेने हात घातला आहे. जटांत पक्ष्यांनी घरटे करावे इतके निश्चल तप केलेल्या जाजलीला धर्म शिकण्यासाठी कोणाकडे जावे लागले? वाराणसीतील तुलाधार नावाच्या दुकानदाराकडे. त्याचा तराजू सर्व भूतांसाठी सारखा होता, एवढीच त्याची साधना. व्यासांनी धर्माचा उपदेश दुकानदाराच्या मुखी घातला याचे आम्हांला पूर्वी नवल वाटे. त्या अमेरिकन वृद्धाला पाहिल्यापासून वाटत नाही.

परंतु एका भल्या माणसाच्या आठवणीवरून सर्व दुकानांची आरती ओवाळणे हे विचाराचे लक्षण नव्हे. या दुकानांचा इतिहास पाहिला पाहिजे. आरंभी ही कार्डे तंबाखूच्या पुडक्यांतून निघत. पुढे ती च्युइंगगमबरोबर येऊ लागली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेला संच या सर्वांत प्रसिद्ध. त्या काळी मुले ही कार्डे सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडवीत, भिंतीवर फेकून डाव खेळत. त्यांना बाजारभाव असा नव्हताच. त्या संचाची न खपलेली खोकी १९६० च्या सुमारास आपण समुद्रात बुडवली, असे टॉप्सचे साय बर्गर सांगत असत. त्याच संचातील मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले.

मधल्या काळात काय घडले? १९७९ साली जेम्स बेकेट या संख्याशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर कार्डांच्या दरांचे पुस्तक काढले आणि १९८४ पासून त्यांचे दरपत्रक मासिकरूपाने येऊ लागले. १९८१ साली टॉप्सची मक्तेदारी मोडून फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या. कार्ड ही गुंतवणूक झाली आणि गावोगावी दुकाने निघाली. म्हणजे ज्या दुकानांच्या अस्ताविषयी आपण बोलत आहो, ती बहुतांशी दरपत्रकाचीच अपत्ये होती, हे विसरता येत नाही.

त्या भरभराटीच्या काळातला, १९९० सालचा, एक खटला मननीय आहे. इलिनॉय राज्यातील इटास्का या गावी एका दुकानात नोलन रायनचे १९६८ चे कार्ड ठेवले होते. त्यावरील आकडा बाराशे डॉलर असा होता, पण नवख्या विक्रेतीने तो बारा डॉलर असा वाचला आणि एका शाळकरी मुलाने बारा डॉलर देऊन कार्ड नेले. दुकानदार न्यायालयात गेला. तेथे कळले, की मुलाने ते कार्ड दुसऱ्या कार्डांच्या बदल्यात देऊनही टाकले आहे. शेवटी तडजोड होऊन कार्डाचा लिलाव करावा आणि पैसे धर्मादायास द्यावेत असे ठरले. येथे सिसेरोचे चित्र उलटे झाले आहे. चुकला तो दुकान चालवणारा, आणि प्रश्न पडला तो मुलाच्या मनात काय होते हा. मुलाला खरी किंमत ठाऊक होती काय, यावर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. आम्हांला त्याहून वेगळी गोष्ट बोचते. दुकानदार आणि मुलगा यांच्यामध्ये न्यायाधीश यावा लागला, याचा अर्थ दोघांतले दुसरे सर्व नाते तोवर संपले होते.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतील एक लहानशी घटना आम्हांला फार सूचक वाटते. टॉप्सने पुडक्यातून गमची वडी काढून टाकली. गमच्या स्पर्शाने कार्डावर डाग पडतो आणि डाग पडला की किंमत उतरते, अशी संग्राहकांची तक्रार होती. मुलासाठी निघालेल्या वस्तूतून मुलाचा खाऊ निघून गेला.

पुढची कथा थोडक्यात सांगता येते. कंपन्यांनी कार्डे अमाप छापली, आणि जे सर्वांकडे आहे त्याला भाव येत नाही. १९९४ साली खेळाडूंच्या संपामुळे अंतिम मालिकाच रद्द झाली आणि चाहते विटले. १९९१ पासून पीएसए ही संस्था कार्डाची अवस्था तपासून दहापैकी गुण देऊ लागली होती, त्यामुळे न पाहता खरेदी शक्य झाली. १९९५ साली ईबे सुरू झाले आणि घरबसल्या साऱ्या देशाचा भाव कळू लागला. दुकाने एकामागून एक मिटली. आम्ही २०१४ साली पुन्हा गेलो, तेव्हा त्या लांबट खोलीत मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते.

संगणकाने दुकाने मारली असे सर्रास म्हटले जाते. आमचे मत वेगळे आहे. दुकानांनीच गिऱ्हाइकाला शिकवले, की कार्डात पाहायचे ते दर. दरासाठी आलेला माणूस दरासाठीच निघून गेला. मराठीत किंमत आणि मोल असे दोन शब्द आहेत. ज्याने किंमतच शिकवली त्याला मोलाची आठवण करून देण्याचा अधिकार उरत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो बळकट आहे. आज कोणतेही मूल क्षणात भाव पाहू शकते. अज्ञानाचा गैरफायदा घेणारे लबाड दुकानदार काही थोडे नव्हते, त्यांचे फावणे थांबले. रोग नाहीसा झाला तर वैद्याची गरज उरली नाही म्हणून रडायचे काय?

रोग नाहीसा झाला असता तर आम्ही रडलो नसतो. पण अज्ञान नाहीसे झालेले नाही, त्याने केवळ जागा बदलली आहे. पीएसएने ज्या कार्डाला सर्वप्रथम गुण दिले, ते होनस वॅगनरचे प्रसिद्ध कार्ड कडा कापून नीटनेटके केलेले होते, अशी कबुली एका नामांकित लिलावदाराने २०१३ साली न्यायालयात दिली. माणसावरचा विश्वास आकड्यावर ठेवला आणि आकडाही फसला. २०२० नंतर महासाथीच्या काळात कार्डांना पुन्हा अफाट मागणी आली, नवी दुकानेही निघाली. पण २०२१ साली विस्कॉन्सिन राज्यात एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर कार्डांवरून हाणामारी झाली आणि टार्गेट या दुकानसाखळीने काही काळ दुकानांतली विक्रीच थांबवली. आज मूल बंद पाकीट विकत घेते. दुर्मीळ कार्ड निघण्याची शक्यता त्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते. ती छापली की कंपनीचे कर्तव्य संपले. दहा वर्षांच्या मुलाला ती उमगली काय, हे विचारण्यासाठी समोर कोणी नसते.

आम्हांला जे सांगायचे आहे ते एवढेच. जो जाणतो तो न जाणणाऱ्याचा ऋणी असतो. माहिती सर्वांसाठी खुली केल्याने हे ऋण फिटत नाही, कारण माहिती मिळणे आणि समजणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर माणूसच भरून काढतो. कोपऱ्यावरचे दुकान ही ते ऋण फेडण्याची, किंवा बुडवण्याची, रोजची जागा होती. ज्याला आज फसवले तो पुढच्या शनिवारी पुन्हा दारात उभा राहणार, ही जाणीव दुकानदाराला संत करीत नसेल, पण विचार करायला लावी. आणि मुलालाही दहा सेंटांच्या व्यवहारात सचोटी म्हणजे काय ते दिसे. वैद्य, वकील, शिक्षक यांच्यापुढे आपण सारेच कधी ना कधी अजाण म्हणून उभे राहतो. त्यांनी सचोटीचा पहिला धडा कोठे घेतलेला असावा?

हा प्रश्न परका नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या वाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल, पितळी समया, कोरीव चौकटी आजही उचलल्या जातात. घेणारा पारखी असतो, देणाऱ्याला माळा मोकळा करायचा असतो. सौदा राजीखुशीने होतो, खोटे कोणी बोलत नाही. आपल्यापैकी काहींनी असे दिले आहे, आणि काहींनी असे घेतलेही आहे.

होळकरांचे ते तिकीट आमच्या वहीत अद्याप आहे. गेल्या वर्षी नातवाने मोबाइलवर त्याचा भाव पाहून सांगितला. तो आम्ही लहानपणी समजत होतो त्यामानाने अगदीच किरकोळ निघाला. नातू हसला आणि म्हणाला, "आजोबा, मग एवढे काय मनाला लावून घेता?" त्याला उत्तर द्यायचे राहून गेले. आमच्या मित्राला जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्याच्या मुलाचा पत्ता आम्ही मिळवला आहे. पाकीट तयार आहे, त्यात घालायची चिठ्ठी मात्र अजून लिहून झालेली नाही.