निदान : उतार आणि उत्तर

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या अर्थांनी नांदतो. वैद्यकात तो रोगाचे कारण आणि रोगाची ओळख दाखवतो; रोजच्या बोलण्यात तो ‘कमीत कमी’ या अर्थाने येतो. घरात कुणी गंभीर आजारी असले की हे दोन्ही अर्थ एकाच दिवशी कानी पडतात. डॉक्टर सांगतात, ‘अजून निदान झालेले नाही’. आणि उशांना टेकून रात्रभर बसून काढणाऱ्या रुग्णाकडे पाहत घरचे म्हणतात, ‘निदान आजची रात्र तरी त्यांना झोप लागू दे.’ पहिल्या वाक्यात उत्तराचा शोध आहे, दुसऱ्यात उतार पडावा ही विनवणी आहे. उतार पडल्यावर उत्तर शोधण्याचे बंधन उरते काय, आणि उरत असेल तर ते कुणावर व कुठपर्यंत, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच नीतीचाही आहे.

विचाराच्या सोयीसाठी एकच लक्षणसमूह घेऊ : पायांवर सूज, पोटात किंवा छातीत साठलेले पाणी, आणि त्यापाठोपाठ लागणारी धाप. शरीरातील पाणी रक्तवाहिन्यांच्या आत-बाहेर सतत ये-जा करीत असते. रक्ताचा दाब त्याला सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने त्याला आत ओढून धरतात. हा तोल इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडला. तोल बिघडण्याच्या वाटा मात्र अनेक. हृदय थकले तर रक्त मागे तुंबून शिरांमधला दाब वाढतो. मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागली, किंवा यकृताने ती पुरेशी तयार केली नाहीत, तर पाण्याला धरून ठेवणारी ओढ कमी पडते. केशवाहिन्यांच्या भिंतीच सच्छिद्र झाल्या तर बाकी सारे ठीक असूनही पाणी पाझरते. हत्तीरोगात लसीकावाहिन्या तुंबतात आणि परतीची वाट अडते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सूज ती सूजच. बोटाने दाबल्यावर पायावर पडणारा खळगा, पाणी कोणत्या वाटेने आले ते सांगत नाही.

म्हणूनच कित्येक शतके युरोपात या अवस्थेलाच एका रोगाचे नाव होते. बर्मिंगहॅम येथील वैद्य विल्यम विदरिंग यांच्यापुढे १७७५ मध्ये सुजेवरचा एक घरगुती पाठ आला. श्रॉपशर परगण्यातील एका वृद्ध स्त्रीने तो गुप्त राखला होता, आणि नेहमीच्या वैद्यांनी हात टेकल्यावरही तिच्या औषधाने काहींना गुण येई. वीस-एक वनस्पतींच्या त्या मिश्रणातून विदरिंग यांनी गुणकारी वनस्पती नेमकी ओळखली. ती म्हणजे फॉक्सग्लोव्ह, शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. पुढची दहा वर्षे त्यांनी तिचा वापर करून पाहिला आणि १७८५ मध्ये आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या ग्रंथाचा नैतिक मोठेपणा असा की त्यात गुण आलेल्या रुग्णांबरोबर गुण न आलेल्या रुग्णांचीही हकीकत आहे. काहींची सूज ओसरली, काहींची ओसरली नाही. असे का, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पण आपले औषध कुठे थांबते हे त्यांनी झाकले नाही.

उत्तराचा एक मोठा भाग १८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधून आला. रिचर्ड ब्राइट यांनी दाखवून दिले की सुजलेल्या काही रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळते, आणि अशांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर विकृत झालेली आढळतात. एक चमचा आणि एक मेणबत्ती एवढ्या साधनांनी एका रोगाचे दोन रोग झाले. ज्याचे हृदय मूळ दोषी नाही त्याला हृदयाचे औषध कशासाठी द्यायचे, हा प्रश्न आता विचारता येऊ लागला. उतार देणाऱ्या औषधाने जे सांगितले नव्हते ते कारणाच्या शोधाने सांगितले.

आज उतार मिळवणे फार सोपे झाले आहे, आणि त्यामुळेच उत्तराचा विसर पडणेही सोपे झाले आहे. लघवी वाढवणारी गोळी घेतली की काही तासांत पाणी कमी होऊ लागते, चप्पल पायात शिरू लागते, जिना चढता येतो. मग ‘बरे वाटते आहे ना, झाले तर’ असे म्हणून विषय मिटतो. एक नित्याचे उदाहरण पाहावे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिन या औषधाने काहींच्या घोट्यांवर सूज येते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. तरीही ती सूज नवा आजार समजून तिच्यावर लघवीची गोळी दिली जाते, त्या गोळीने शरीरातील क्षारांचे प्रमाण बिघडले की आणखी एक औषध येते, आणि म्हातारपणी गोळ्यांचा डबा भरत जातो. यात दुष्ट हेतू कुणाचाच नसतो. रुग्णाने अशा वेळी आपल्या मनाने औषध बंद करणे धोक्याचे आहे. पण ‘ही सूज कशाने आली?’ असे डॉक्टरांना विचारणे हा त्याचा अधिकार आहे, आणि तो प्रश्न ऐकून घेणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

उतार आणि उत्तर यांच्यात मुळात वैर नाही. छातीत साठलेले पाणी सुईने काढले की रुग्णाला लगेच मोकळा श्वास घेता येतो. आणि तेच पाणी तपासले तर ते कुठून आले हेही बरेचसे कळते. रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये त्यासाठी निकष घालून दिले : पाण्यातील व रक्तातील काही घटकांची तुलना केली की हे पाणी हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या बिघाडाने आले, की क्षय, कर्करोग अथवा जंतुसंसर्ग यांनी दुखावलेल्या फुप्फुसावरणातून पाझरले, याचा अंदाज बांधता येतो. एकाच बाटलीत उतारही असतो आणि पुरावाही. कारण ठाऊक नसताना ती बाटली न तपासता ओतून देणे म्हणजे रुग्णाने सोसलेल्या वेदनेचा अर्धा मोबदला त्याला नाकारणे होय.

शोध थांबवणारी दुसरी गोष्ट उताऱ्यापेक्षा अधिक फसवी आहे. ती म्हणजे तयार उत्तर. न्यायशास्त्राने कारणाची व्याख्या करताना मोठी सावधगिरी बाळगली आहे. कार्याच्या आधी नियमाने असणे एवढ्याने कोणी कारण ठरत नाही. ‘अन्यथासिद्ध’ गोष्टी, म्हणजे हजर असूनही कार्य घडवण्यात ज्यांचा वाटा नाही अशा गोष्टी, वगळाव्या लागतात. घटाच्या उत्पत्तीत माती कारण, चाक व दंड कारण. पण माती वाहून आणणारे गाढव किंवा कुंभाराचा बाप यांना कारण म्हणत नाहीत. सुजेच्या आणि धापेच्या बाबतीत आपल्या घरांतले असे गाढव म्हणजे ‘वय’. ‘आता वय झाले, पाय सुजायचेच’ हे वाक्य अनेक वृद्ध स्त्रिया स्वतःच म्हणतात आणि घरचे सुटकेच्या भावनेने मान डोलावतात. वय हजर असते हे खरे. परंतु त्याच वयाच्या शेजारणीचे पाय सुजलेले नसतात, आणि पंचविशीतल्या एखाद्या मुलीला मात्र गरोदरपणात अशी धाप लागते की तिला आडवे होता येत नाही. तिच्या बाबतीत ‘दिवस गेले की दम लागतोच’ हे उत्तर तयार असते. लहानपणी घसादुखीनंतर आलेल्या संधिज्वराने तिच्या हृदयाची झडप आखडलेली असू शकते, हा विचार वेळेवर झाला तर दोन जीव वाचतात.

तयार उत्तराचा आणखी कठोर प्रकार म्हणजे आरोप. पोट पाण्याने फुगलेल्या पुरुषाला पाहिले की पाहणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘दारू’. पुष्कळदा तो खराही असतो. पण क्षयरोगामुळे हृदयाभोवतीचे आवरण जाड आणि ताठ झाले, तर हृदय पुरेसे भरू शकत नाही, मानेच्या शिरा फुगतात आणि पोटात पाणी होते. चित्र यकृताच्या आजाराचेच दिसते. भारतात या आवरणरोगाचे प्रमुख कारण क्षय आहे, आणि वेळेवर ओळखले तर औषधांनी, गरज पडल्यास शस्त्रक्रियेने, माणूस बरा होऊ शकतो. मानेकडे पाहण्याआधी ज्याने चारित्र्याकडे पाहिले त्याच्या हातून ही संधी निसटते. दोष शोधणारी नजर कारण शोधणाऱ्या नजरेच्या आड येते, ती अशी.

याचा अर्थ दोषाचा विचार कधीच करू नये असा मात्र होत नाही. कारणांची साखळी काही वेळा शरीराबाहेर पडते आणि माणसाच्या हातापर्यंत जाऊन पोचते. ‘एपिडेमिक ड्रॉप्सी’, म्हणजे साथीने येणारी सूज, हे याचे ठळक उदाहरण. कोलकात्यात १८७७ मध्ये तिची पहिली नोंद झाली. एकाच घरातल्या अनेकांचे पाय सुजत, धाप लागत असे आणि काही जण हृदय थकून दगावत. कुणी ती बेरीबेरी मानली, कुणी तांदळावर संशय घेतला. मोहरीच्या तेलात मिसळलेल्या एका रानटी बियाण्याच्या तेलाकडे १९२६ मध्ये बोट दाखवले गेले आणि १९३० च्या दशकातील प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली. ही वनस्पती आपण पिवळा धोत्रा म्हणून ओळखतो. हिंदी मुलखात तिला सत्यानाशी म्हणतात. ग्वाल्हेर-मुरैना भागातील आपल्या वाचकांना मोहरीची पिवळी शेते आणि बांधावरची ही काटेरी झुडपे दोन्ही परिचित असतील. तिचे बी दिसायला मोहरीसारखेच असते. त्यातील विषारी द्रव्य केशवाहिन्या सैल करून पाझरायला लावते. इथे न्यायशास्त्रातील अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळून येतात : त्या तेलाचे अन्न खाणारे सारे घर आजारी पडते, आणि त्याच घरातले केवळ आईच्या दुधावर असलेले तान्हे मूल बहुधा वाचते.

दिल्लीत १९९८ मध्ये हीच साथ पुन्हा आली. सुमारे तीन हजार लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि साठहून अधिक मृत्युमुखी पडले. प्रत्येक रुग्णाचे निदान ‘हृदय थकले’ एवढ्यावर थांबवता आले असते. शरीरापुरते ते खरेही होते. परंतु रुग्णाला औषध देऊन त्याच तेलाच्या बाटलीकडे परत पाठवणे हे उपचार ठरले नसते. आयुर्वेदाने निदानपरिवर्जन, म्हणजे कारण टाळणे, हे चिकित्सेचे पहिले अंग मानले आहे; आणि इथे कारण टाळणे एकट्या रुग्णाच्या हातात नव्हते. खाद्यतेल वेष्टनबंद करूनच विकले जावे असा केंद्रीय आदेश त्याच वर्षी निघाला. रोज हातात पडणाऱ्या मजुरीतून छटाकभर सुटे तेल घेणाऱ्याला भेसळ ओळखण्याचे साधन नसते, हे ध्यानात घेतले म्हणजे शोध आणखी एक पायरी खाली का न्यावा लागतो ते समजते.

मग शोध थांबवायचा कुठे? साखळीला अंत नाही. प्रत्येक कारणामागे दुसरे कारण उभेच असते. शिवाय शोधाचा भार रुग्णाच्याच शरीरावर आणि बहुधा त्याच्याच खिशावर पडतो. ज्याचा कर्करोग सर्वत्र पसरला आहे अशा वृद्धाच्या छातीतील पाणी काढून त्याला सुखाने श्वास घेऊ द्यावा. ‘नेमके काय ते कळायलाच हवे’ म्हणून त्याला शहरोशहरी फिरवणे, आणखी सुया टोचणे, यात कळण्याची गरज कुणाची असते हे मुलांनी स्वतःला विचारावे. पुष्कळदा ती त्याची नसते, आपली असते. आपण सर्व काही केले, हे आपल्याला स्वतःला पटवून द्यायचे असते.

मला तरी एक कसोटी पुरेशी वाटते. उत्तर मिळाल्याने या माणसाच्या उपचारात, त्याच्या उरलेल्या दिवसांच्या आखणीत, किंवा त्याच्यासारख्याच धोक्यात असलेल्या इतरांच्या आयुष्यात काही बदलणार असेल, तर शोध घेणे हे कर्तव्य आहे. त्या शोधाची वेदना स्वतःच्या शरीरावर घ्यायची की नाही, हा निर्णय मात्र त्या माणसाचा आहे. काहीच बदलणार नसेल, तर शोध हे केवळ कुतूहल होय, आणि दुसऱ्याच्या शरीराच्या खर्चाने आपले कुतूहल भागवण्याचा हक्क कुणालाही नाही. या कसोटीने आधीची उदाहरणे पुन्हा तपासता येतात : गोळीने आलेली सूज, आखडलेली झडप, ताठरलेले आवरण, भेसळीचे तेल, या प्रत्येक ठिकाणी उत्तराने काहीतरी बदलत होते, आणि तिथे थांबणे गैर होते.

उतार मागण्याचा हक्क आजाऱ्याचा आहे, आणि तो आधी पुरवला पाहिजे. धाप लागलेल्या माणसाला कार्यकारणभाव समजावत बसू नये. पण त्याची धाप शमली, घरातले जरा सैलावले, चहा झाला, की त्याच वेळी कुणीतरी विचारायला हवे की हे पाणी आले कुठून. तो प्रश्न विचारणारा घरात एक जरी असला, तरी बहुतेक वेळा पुरेसे होते.