नंबर कितवा?

आमच्या सावेडीत प्रत्येक बंगल्याला प्लॉट नंबर आहे. पण नंबरावरून कोणी कुणाचं घर गाठल्याचं ऐकिवात नाही. "भिस्तबाग चौकात या आणि कुणालाही आमचं नाव विचारा," एवढं सांगितलं की पाहुणा चहाच्या वेळेला बरोबर हजर! नंबर महापालिकेसाठी आणि नाव माणसांसाठी, अशी सोयीची वाटणी आम्ही करून टाकली आहे.

शाळेत मात्र ही वाटणी पार बिघडली. पूर्वी "नंबर कितवा?" हे निकालाच्या दिवशी शेजारच्या काकू विचारीत आणि पोरगं आईच्या पदराआड दडे. आता पहिलीतल्या बाळ्यालाही नंबर असतो, आणि तो चांगला लांबलचक. 'सरल'चा २०१५ पासूनचा एकोणीस आकडी. यू-डायसचा अकरा आकडी. त्याचं नाव 'पेन', म्हणजे हातात पेन यायच्या आधीच पेन नंबर! आईबापांच्या संमतीने 'अपार'चा बारा आकडी. शिवाय आधारचे बारा. बेरीज चौपन्न. नाव ठेवायला एक आत्या पुरते. नंबर ठेवायला एवढा खटाटोप. त्यात रजिस्टरात 'ओंकार' आणि आधारवर 'ओमकार' असला, की संपलंच. आईला दोन्ही हाकांना 'ओ' देणारा एकच मुलगा दिसतो. यंत्राला ते पटत नाही.

पण नुसतं हसून चालणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा ठिकठिकाणी पटावरची मुलं बाकावर सापडेनात. तांदूळ, अनुदान, शिक्षकांची पदं, सारं पटावर ठरतं. म्हणून कागदावर मुलं जन्माला घातली गेली होती. त्यांना ना सर्दी, ना खोकला. कधी गैरहजर राहत नाहीत, गणवेश मळवत नाहीत. कुठल्याही मुख्याध्यापकाला हेवा वाटावा अशी गुणी बाळं! खऱ्या पोरांच्या तोंडचा घास ती खात होती. त्यांना हुडकायला नंबर हवा, हे मला कबूल आहे.

प्रश्न पुढचा आहे. खोटं मूल पकडणं आणि खरं मूल सांभाळणं ही कामं वेगवेगळी. आमच्याच जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडची माणसं दिवाळीच्या सुमाराला कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. पोरंही बैलगाडीत बसतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे. नंबरही सोबत जातोच, त्याला भाडं पडत नाही. पण नव्या गावच्या शाळेत त्या पोरीला बाकावर जरा सरकून जागा द्यायला माणूसच लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं, की आधार नाही म्हणून मुलाचा शाळाप्रवेश अडवता येणार नाही. मला वाटतं, सगळ्याच नंबरांना हा न्याय लावावा. नंबर मुलाने दाखवायची पावती नव्हे. ती सरकारने लिहून दिलेली हुंडी आहे. देणेकरी सरकार, घेणेकरी बाळ्या.

कोण आलं नाही, हे यंत्र चौपन्न आकड्यांत अचूक सांगेल. पण "का गं, काल का नाही आलीस?" हे विचारायचं तर तिचं नाव ठाऊक हवं, आणि घर लांब असलं, तर बाईंकडे किंवा गुरुजींकडे सायकल हवी.