अपयशाचा कर्ता कोण?

फुटबॉल संघाचा हंगाम बिघडला की चाहत्यांत एकच वाद पेटतो: मॅनेजरला काढावे की ठेवावे? या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. अपयशाला जबाबदार कोण, हा पहिला. आणि आता काय केले म्हणजे संघ सावरेल, हा दुसरा. पहिला न्यायाचा आहे आणि त्याची नजर मागे असते. दुसरा हिताचा आहे आणि त्याची नजर पुढे असते. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याचा निकाल म्हणून जाहीर झाले की एका माणसावर अन्याय होतो.

इंग्लंडमधील लेस्टर सिटीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. २०१५-१६ च्या हंगामाआधी हा संघ प्रीमियर लीग जिंकण्यावर सट्टेबाजांनी ५००० ला १ असा भाव दिला होता. क्लाउदिओ रानिएरी यांच्या हाताखाली संघाने ८१ गुण मिळवले आणि आर्सेनलला दहा गुणांनी मागे टाकून विजेतेपद पटकावले. त्यानंतर मधल्या फळीचा आधारस्तंभ एन्गोलो कान्ते चेल्सीला गेला. पुढच्या हंगामात लेस्टर लीगमध्ये सलग पाच सामने हरला आणि सतराव्या स्थानावर, म्हणजे खालच्या विभागात घसरण्याच्या उंबरठ्यावर आला. २३ फेब्रुवारी २०१७ रोजी रानिएरींना काढण्यात आले. विजेतेपदाला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते.

चाहत्यांमध्ये दोन तट पडले. ज्याने अशक्य ते करून दाखवले त्याचे ऋण नऊ महिन्यांत फिटते का, असे एक बाजू विचारत होती. क्लब कोणाही एका माणसापेक्षा मोठा आहे, असे दुसरी बजावत होती. दोन्ही म्हणणी खरी आहेत. मात्र कृतज्ञतेने पदावर हक्क सांगता येत नाही. ती मागते ते सन्मानाने वागवले जाणे आणि खोट्या दोषातून मुक्त राहणे. हे दुसरे मागणे पुरे करणे सर्वांत अवघड, कारण काढण्याचे समर्थन करायचे तर दोष दाखवावा लागतो, असे बहुतेकांना वाटते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. तेथील विवेचन पुढे आत्म्याच्या अकर्तेपणाकडे वळते. तो विषय वेगळा. पण कारणांची ही वाटणी मैदानालाही लागू पडते. क्लबची ऐपत आणि रचना, मॅनेजर, खेळाडू, सामन्यातल्या असंख्य हालचाली आणि खांबाला लागून बाहेर गेलेला चेंडू, या सगळ्यांतून निकाल घडतो. त्यांतल्या एकालाच कर्ता ठरवणे ही समजुतीची चूक आहे, मग निकाल विजयाचा असो वा पराभवाचा. टॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये हाच पेच ‘नैतिक दैव’ या नावाने मांडला: जे माणसाच्या हातात नाही त्यावरून आपण त्याचा न्याय करतो, आणि तसे न करणेही आपल्याला जमत नाही.

रानिएरींच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपिअर यांनी लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले. हंगामाअखेर लेस्टर बाराव्या स्थानी होता. निर्णय योग्य होता याचा हा पुरावा मानला गेला. पण दोनच वर्षांपूर्वी, २०१४-१५ मध्ये, हाच क्लब एप्रिलपर्यंत तळाशी होता, मॅनेजर नायजेल पिअरसन यांना कायम ठेवले होते आणि शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून संघ चौदावा आला. एकदा काढून सावरले, एकदा ठेवून सावरले. फार खाली गेलेली कामगिरी पुष्कळदा आपोआप सरासरीकडे परतते, हे शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळाच्या अभ्यासातही मॅनेजर बदललेले आणि न बदललेले संघ सारखेच सावरलेले आढळले.

मग बदलाचा आग्रह एवढा तीव्र का? रने झिरार या फ्रेंच विचारवंताचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. बायबलच्या लेवीय ग्रंथात समाजाची पापे एका बकऱ्याच्या माथी ठेवून त्याला रानात सोडण्याचा विधी आहे. झिरार यांच्या मते तणावात सापडलेला समूह असाच एक बळी निवडतो. त्याला हाकलल्यावर जी शांतता येते, तीच त्याच्या अपराधाचा पुरावा मानली जाते. खेळाडू महाग आणि अनेक, मालक हलवता न येणारा; उरतो मॅनेजर. काढण्याला कधीच कारण नसते, असा याचा अर्थ नाही. खेळाडूंचा विश्वास उडाला असेल, डावपेच शिळे झाले असतील, तर बदल हिताचा ठरतो. पण ते हिताचे कारण झाले, शिक्षेचे नव्हे.

हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात, हे जर्मनीतल्या फ्रायबुर्गने दाखवले आहे. या क्लबची सूत्रे सभासदांच्या हाती आहेत. तेथे फोल्कर फिंके १९९१ ते २००७ अशी सोळा वर्षे मॅनेजर होते आणि त्या काळात संघ तीनदा खालच्या विभागात घसरला. २०१५ मध्ये पुन्हा घसरण झाली तेव्हा क्रिस्टियान श्ट्राइख यांनाही कायम ठेवण्यात आले. पुढच्याच वर्षी संघ दुसऱ्या विभागाचे विजेतेपद घेऊन वर आला. श्ट्राइख २०२४ पर्यंत त्या पदावर राहिले.