तांबड्या खुणेची साक्ष

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरकडून माळशेजच्या घाटाला लागले, की काळ्या कातळाच्या थरांमध्ये कुठेकुठे तांबडा पट्टा दिसतो. राजस्थानात भीलवाड्याजवळ रामपुरा-आगुचालाही जमिनीवर तांबूस, गंजका दगड होता. 1977 मध्ये त्याच्याच मागावर जस्त आणि शिशाचा प्रचंड साठा हाती आला, आणि त्यांच्यासोबत चांदीही. रंग सारखा, पण साक्ष निराळी. आगुचाच्या दगडाला भूशास्त्रज्ञ ‘गोसान’ म्हणतात. गंधकयुक्त खनिजांपर्यंत हवा-पाणी पोचले की आम्ल तयार होते, गंधक वाहून जातो, लोह गंजून मागे राहते आणि विरघळलेल्या स्फटिकाच्या आकाराची रिकामी घरे दगडात उरतात. घाटातला पट्टा म्हणजे हवापाण्याने झिजलेला लाव्ह्याचा माथा. त्याच्यावर पुढचा लाव्हा पसरला. त्यात अशी घरे शोधून उपयोग नाही.

म्हणजे खुणेचे मोल रंगात नसते, खालून वर येणाऱ्या वाटेत असते. ओतूरखाली ती वाटच बुजलेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने जुनी जमीन गाडून टाकली. किल्लारीला त्या जुन्या जमिनीचा ग्रॅनाइट लागायला याच लाव्ह्याचा 338 मीटर बसाल्ट भेदावा लागला, कोयनेजवळ रासाटीला 932 मीटर. एवढ्या आच्छादनाखाली चांदीचे धातुक असलेच, तरी त्याचा गंज ओतूरच्या शिवारात कसा यावा?

यावर कोणी म्हणेल, जुन्नरला चांदीचा तुटवडा नव्हता. तिथल्या मनमोडीच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, आणि नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. पण नाणे टाकसाळीची साक्ष देते, खाणीची नव्हे. भडोचच्या बंदरात रोमन चांदीची नाणी उतरत, हे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंदलेले आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटाची कीर्तीही वाहतुकीची, खाणकामाची नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व मोजणारी यंत्रे कातळाखालचेही टिपतात, मग वरच्या खुणांवर अडायचे कशाला? टिपतात हे खरे. पण एकाच मोजणीला खालची अनेक चित्रे जुळू शकतात. कोणते खरे, हे विंधनविवरच ठरवते, आणि ते कुठे घ्यायचे हे ठरवायला पुन्हा भूशास्त्राचा तर्कच लागतो. म्हणून ओतूरच्या तांबड्या मातीवरून चांदी ‘आहे’ म्हणणे जितके चूक, तितकेच खूण दिसत नाही म्हणून ‘नाही’ म्हणणेही. बंद दाराआडून आवाज आला नाही, तर आधी दार किती जाड आहे ते पाहावे.